थोडी मळलेली वाळू

शिवाजी पेठेत पोहण्याचा विषय निघाला की बोलणे प्रथम रंकाळ्याकडे जाते. आमच्या आधीच्या पिढीतील बहुतेक मंडळी संध्यामठाच्या बाजूला, पंचगंगेच्या घाटावर नाहीतर कुणाच्या तरी मळ्यातील विहिरीत, कमरेला सुका भोपळा अथवा पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली. शिकवणारा चुलता किंवा थोरला भाऊ असे आणि पहिला धडा म्हणजे मागून बसलेला धक्का. त्या पाण्याची देखभाल कोण करते, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नसे. गाळ खाली बसे, शेवाळ आणि मासे आपापले काम करत, ऊन पडे, पावसाळ्यात नवे पाणी येई. पुढे तळ्यात सांडपाणी उतरू लागले, केंदाळ माजले, आणि पेठेतली मुले शुल्क भरून, टोपी-गॉगल घालून फरशी बसवलेल्या तलावांकडे वळली. याच पेठेतील गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. कपिलतीर्थही बुजले आणि तिथे मंडई उभी राहिली. तळी बुजवणाऱ्या शहरावर पुढे चौकोनी तळी बांधून त्यांना तिकीट लावण्याची वेळ यावी, यात थोडी गंमत आहेच. असो.

आम्ही (कोल्हापुरात एकटा माणूसही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, तेव्हा या अनेकवचनात संपादकीय थाट शोधू नये) पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका खासगी तलावावर सकाळच्या बॅचला जातो. २०२४ च्या मार्चमध्ये तेथील मालकांनी आम्हांला एक काम सांगितले. पंपाच्या खोलीत वाळूच्या दोन मोठ्या टाक्या आहेत, ज्यांना सगळे सँड फिल्टर म्हणतात. त्यांच्यासोबत आलेली इंग्रजी पुस्तिका कुणी उघडत नव्हते. ‘‘सर, तुम्ही मराठीचे. एक बोर्ड लिहून द्या, पेंटरकडून रंगवून घेतो.’’ चाळीसएक पानांतून दहा-बारा वाक्ये काढायची होती. आम्ही आनंदाने होकार दिला. मराठी शिकवणाऱ्याच्या वाट्याला प्रस्तावना येतात, गौरवपर लेख येतात, क्वचित शोकसभेचा ठराव येतो. वाक्य चुकले तर यंत्र मोडेल, असे लेखन सहसा येत नाही.

पंपाची खोली जमिनीच्या पातळीखाली. पाच पायऱ्या उतरून जावे लागते आणि उतरताच क्लोरीनचा वास नाकात बसतो. तेथे राज्य आण्णांचे. (त्यांचे खरे नाव येथे नको.) पंधरा-सोळा वर्षे ते या टाक्या सांभाळत आहेत. आम्ही वही काढताच त्यांनी एक स्टूल पुढे सरकवले आणि हात पुसून सांगायला सुरुवात केली.

यंत्र तसे साधे आहे. तलावाच्या तळाच्या जाळीतून आणि काठाच्या पन्हळीतून पाणी पंपाकडे ओढले जाते. वाटेत केस, पाने, चिकटपट्ट्या अडवणारी एक टोपली लागते. ती रोज काढून झटकायची. पंप पाण्याला टाकीच्या माथ्यावरून आत ढकलतो, पाणी वाळूच्या थरातून खाली झिरपते, बुडाशी असलेल्या फटींच्या नळ्यांतून गोळा होते आणि औषध घेऊन तलावात परतते. वाळू नदीतली नव्हे. नदीच्या वाळूत माती असते आणि दाणा लहान-मोठा असतो. इथे लागते ती चाळून एकसारखी केलेली, साधारण अर्धा मिलिमीटर दाण्याची सिलिका वाळू. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातील कासार्ड्याच्या परिसरात तिच्या खाणी आहेत. म्हणजे घाट उतरला की कोल्हापूरकराला ती दूर नाही.

आता खरी मौज पुढे आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्यांमधली पोकळी माणसाच्या केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून थोडी मोठी भरते. मग केसाच्या निम्म्या जाडीचा कण त्या वाळूत अडकतो कसा? चाळणीच्या न्यायाने तो अडकायला नको. उत्तर असे की वाळूचा थर निव्वळ चाळणी नव्हे. पाणी दाण्यादाण्याला वळसे घालत जाते, वळणावर कण दाण्याला टेकतो आणि चिकटून राहतो. चिकटलेल्या कणाला पुढचा कण चिकटतो. पोकळ्या अरुंद होत जातात आणि कालपर्यंत निसटणारी धूळ आज अडू लागते. याचा अर्थ असा की नुकतीच धुतलेली वाळू ही सर्वांत वाईट गाळणी असते. दोन-चार दिवस मळली की ती कामाला येते. मळ आणखी साठला की पाण्याला वाट उरत नाही, पंप रेटत राहतो, टाकीवरच्या घड्याळाचा काटा चढतो. तेव्हा ती धुवायची.

हे ज्ञान नवे नाही. लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ साली चेल्सी वॉटरवर्क्ससाठी वाळूचे संथ गाळणतळे बांधले. या धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे की वाळूच्या माथ्यावर जमणारा बुळबुळीत थरच पाणी शुद्ध करतो. जर्मन भाषेत त्याला ‘मळाची चादर’ अशा अर्थाचा शब्द आहे. १८९२ च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गमध्ये कॉलरा आला आणि साडेआठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. लगतचे आल्टोना हे गाव एल्ब नदीच्या खालच्या अंगाचे, हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी पिणारे. पण ते वाळूतून गाळून पिई. ते बचावले. दोन्ही गावांच्या शिवेवरच्या रस्त्यावर एका बाजूला साथ आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे दृश्य रॉबर्ट कॉख यांनी नोंदवून ठेवले आहे. पोहण्याच्या तलावातली वाळू अर्थात इतकी संथ नसते. तिथे ती सजीव चादर वाढू द्यायची नसते, जंतू मारण्याचे काम क्लोरीनकडे असते. तेव्हा उपमा फार ताणू नये. समीक्षकाच्या मनातही पूर्वी वाचलेल्याचा थोडा गाळ असावा लागतो, कोऱ्या मनाच्या वाचकातून सगळेच आरपार जाते, वगैरे लिहिण्याचा मोह आम्हांला त्या खोलीत झालाच. आण्णांनी तेवढ्यात झडप उघडून टाकीतली हवा सोडली आणि त्या फुत्कारात तो मोह विरला.

शब्दांची अडचण पहिल्याच दिवशी आली. वाळू धुताना पाण्याचा प्रवाह उलटा करतात. खालून वर येणारे पाणी वाळू सैल करते, फुगवते, दाणे एकमेकांवर घासतात आणि मळ वरच्या वाटेने गटारात जातो. याला ‘प्रतिधावन’ म्हणावे काय? की ‘उलटे धुणे’? आण्णांनी दोन्ही ऐकून घेतले, मान हलवली आणि म्हणाले, ‘‘बॅकवॉशच लिवा सर. उद्या मी रजेवर असलो आणि नवं पोरगं आलं, तर त्याला प्रतिधावन कुठल्या हँडलला सापडायचं?’’ हँडलवरच्या सहा जागांची नावे इंग्रजीत कोरलेली आहेत, पण ती वाचून नव्हे तर ऐकून पाठ झालेली: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, आणि उरलेल्या दोन, ज्यांना आण्णा ‘बायपास’ आणि ‘बंद’ म्हणतात. ‘काटा’ मात्र शुद्ध मराठी. दाबाचे माप किलोत. ‘‘काटा पाऊण किलोवर हाय’’ हे वाक्य भाजी मंडईत आणि पंपाच्या खोलीत सारखेच खपावे.

क्रमाचा प्रश्न अधिक गंभीर होता. पंप चालू असताना हँडल फिरवले तर आतले रबर फाटते, आणि मळके पाणी गुपचूप तलावात किंवा चांगले पाणी गुपचूप गटारात जाऊ लागते. पुस्तिकेत ही सूचना नवव्या कलमात, तीही एका गौण वाक्यात होती. आम्ही ती पहिली घेतली. ‘हँडल फिरवण्यापूर्वी पंप बंद करणे आवश्यक आहे’ हे आमचे वाक्य आण्णांनी छाटून दिले: ‘पंप बंद. मग हँडल.’ गद्याच्या संपादनाचे याहून नेमके उदाहरण आम्ही वर्गात क्वचितच देऊ शकलो असू.

त्यानंतर घोडे अडले ते एका शब्दावर. पुस्तिकेचे म्हणणे, बॅकवॉश ‘नियमितपणे’ करावा. मालकांनी कच्चा मजकूर वाचला आणि सांगितले, ‘‘नियमितपणे म्हणजे रोज. सरळ ‘रोज’ लिहा, सर. लोकांना पाणी चकाचक लागतं.’’ आण्णा म्हणाले, ‘‘नियमित म्हंजे नियमानं. नियम काट्याचा. काटा अर्धा किलो चढल्याबिगार हात लावायचा न्हाई.’’ दोघांचेही मराठी बिनचूक होते. ‘नियमित’ या शब्दात ठरावीक काळाने घडणारे असाही अर्थ आहे आणि नियमाला धरून असलेले असाही. भाषेपुरते बोलायचे तर आम्ही दोन्ही अर्थ मान्य करून मोकळे झालो असतो. पण भिंतीवरच्या बोर्डाला श्लेष चालत नाही.

रोज धुण्यात पाणीही जाते. आमचा तलाव पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. म्हणजे सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी. दोन्ही टाक्या तीन-तीन मिनिटे धुवायच्या तर अंदाजे पाच हजार लिटर गटारात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर असा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. त्या हिशेबाने एका धुण्यात सदतीस माणसांचे दिवसाचे पाणी जाते. कोल्हापूर पाण्याचे गाव म्हणून मिरवते खरे, पण २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे बुडाली तेव्हा याच शहराने सभोवती पाणीच पाणी असताना टँकरपुढे घागरी मांडल्या आहेत.

या जिल्ह्यातल्या जैन घरांत पाणी गाळण्याची एक जुनी रीत आहे, ती येथे आठवल्याखेरीज राहत नाही. दुहेरी फडक्यातून पाणी गाळून झाले की ते फडके गाळलेल्याच पाण्याने उलटे खळबळतात आणि ते धुवण ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत अलगद सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. फडक्यात अडकलेले सूक्ष्म जीव आपल्या ठिकाणी परत जावेत, हा हेतू. यंत्राच्या भाषेत हाही बॅकवॉशच. फरक इतका की तिथे अडकलेल्याची जबाबदारी गाळणाऱ्यावर असते. आपल्या टाक्यांचे धुवण गटारातून कोठे जाते, याचा बोर्डात उल्लेख नाही, पुस्तिकेतही नव्हता.

मजकूर असा अर्धवट असतानाच मे महिना आला. सुट्टीच्या बॅचा दुपटीने भरल्या. गर्दी पाहून मालकांनी तोंडी हुकूम दिला की आता रोज बॅकवॉश मारा. आठवडाभर तसे झाले. सातव्या दिवशी चार वाजता वळीव आला. आधी धूळ, मग गारा, मग पाऊस. लाइट गेली. पंप थांबला. पाच वाजता पाऊस ओसरला आणि सायंकाळच्या बॅचची चाळीसेक मुले पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. आमचा पुतण्या त्यांत होता.

पाणी निळे दिसत होते, कारण फरशी निळी आहे. आण्णा खोल बाजूच्या काठावर उभे राहून खाली पाहत होते. तळाशी सांडपाण्याची चौकोनी जाळी आहे. ती दिसत नव्हती. त्यांनी फाटक लावून घेतले. पालकांचा गलका सुरू झाला. पैसे भरले आहेत, लांबून आलो आहोत, पोरांना तासभर तरी सोडा, उथळ भागात सोडा. मालकांचा फोन आला. आण्णांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, ‘‘तळ दिसत न्हाई तवर पोर आत सोडणार न्हाई. तुम्ही येऊन सोडा.’’ मालक आले नाहीत. सहाला सगळे घरी गेले.

त्या रात्री आम्ही या नियमाचा मागोवा घेत असता एक घटना वाचनात आली. २०११ च्या जूनमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर येथे एका सार्वजनिक तलावात एक स्त्री बुडाली. पाणी गढूळ होते. तलाव पुढचे दोन दिवस चालू राहिला, माणसे त्यात पोहत राहिली, तपासणी करणारेही येऊन गेले. आणि तिचा देह दोन दिवसांनी वर आला तेव्हा कळले. काठावर जीवरक्षक होते. पाण्याच्या गढूळपणाकडे आम्ही तोवर आरोग्याच्या अंगाने पाहत होतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ येऊन गेल्यापासून या भागातला माणूस पाण्याचे नाव काढताच आधी काविळीला भितो, आणि ते योग्यच आहे. परंतु तळ न दिसणे हा त्याहून साधा आणि त्याहून जवळचा धोका आहे, हे आण्णांना कुठलीही घटना न वाचता ठाऊक होते.

लाइट रात्री नऊला आली. पंप एका फेरीला सहा तास घेतो. म्हणजे सहा तासांत तलावभर पाणी टाकीतून जाते. येथे सामान्य माणसाचा एक गैरसमज होतो. सहा तासांत सगळे पाणी गाळून झाले, असे तो मानतो. तसे नसते. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळते आणि तेच पुन्हा ओढले जाते. एका फेरीत शेकडा ६३, दुसरीअखेर ८६, तिसरीअखेर ९५ आणि चौथीअखेर ९८ इतकाच भाग एकदा तरी वाळूतून गेलेला असतो, असे गणित आहे. शंभर कधीच होत नाही. आण्णांनी रात्री थोडी तुरटी दिली, म्हणजे बारीक धूळ एकत्र येऊन वाळूला सापडेल. सकाळच्या बॅचा रद्द झाल्या. दुपारी बाराला काटा अर्ध्या किलोहून वर चढला, तेव्हा त्यांनी टाक्या धुतल्या. चारच्या सुमारास जाळीच्या पट्ट्या मोजता येऊ लागल्या.

आठवड्याने मालक, आण्णा आणि आम्ही त्या खोलीत बसलो. मालकांचे मत, त्या दिवशी सकाळी आणखी एकदा धुतले असते तर असे झाले नसते. आण्णांचे मत नेमके उलटे: रोज धुऊन वाळू कोरी पडली होती, म्हणून वळवाची धूळ तिच्यातून निसटली. आम्ही न्यायाधीश नव्हतो. पण रजिस्टर समोर होते. पोटऱ्या निळ्या पडलेली, कडा भिजून फुगलेली ती वही. रकाने वेळ, काटा, क्लोरीन, पीएच आणि माणसे यांचे. एप्रिलभर काटा पाऊण किलोवरून हळूहळू सव्वा किलोवर जाताना दिसत होता, मग धुणे, मग पुन्हा पाऊण. सात-आठ दिवसांची एक लाट. मे महिन्याच्या त्या आठवड्यात लाटच नव्हती. रोज पाऊण, रोज धुणे, रोज पाऊण. वाळूला मळायला उसंतच मिळालेली नव्हती. एवढ्यावरून सारा दोष रोजच्या धुण्यावर टाकता येत नाही. पंप पाच तास बंद होता आणि गर्दी दुप्पट होती, हेही त्याच वहीत आहे. तरीही मालक ती पाने बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘‘काय लिहायचं ते लिहा.’’

ते वाक्य लिहायला आम्हांला दोन दिवस लागले. ‘केला जावा’ लिहिले तर करणारा कोण ते कळत नाही. आपल्याकडच्या सूचनाफलकांचे ते आवडते व्याकरण. ‘करा’ म्हटले तर पंधरा वर्षे तेच काम करणाऱ्या माणसाला हुकूम सोडल्यासारखे होते. शेवटी साधा विध्यर्थ ठेवला: ‘धुतल्यावर काटा जिथे थांबेल तो आकडा खडूने खाली लिहावा. काटा त्याच्या पुढे अर्धा किलो गेला की बॅकवॉश करावा. त्याआधी करू नये.’ आणि त्याच्याखाली, आण्णांच्या तोंडचे जसेच्या तसे, केवळ पेठेचा हेल काढून: ‘तळाची जाळी दिसत नाही तोवर कुणालाही पाण्यात सोडू नये.’ मालकांनी ‘कुणालाही’ या शब्दावर क्षणभर बोट ठेवले आणि उचलले.

पेंटरने बॅकवॉशचा ‘बँकवॉश’ केला. आम्ही दुरुस्तीचा आग्रह धरला, आण्णांनी तो चालवून घेतला नाही. रंग पुन्हा सुकायला दोन दिवस जातील, तोवर खडूचा आकडा कुठे लिहायचा, हा त्यांचा प्रश्न. येत्या हिवाळ्यात वाळू बदलायची आहे. इतक्या वर्षांत दाण्यांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत, अंगाच्या तेलाने आणि क्षाराने मधे मधे गोळे धरले आहेत, त्यांना फोडून पाणी आपली वेगळी वाट काढते. दोन्ही टाक्यांना मिळून साठएक पोती लागतील. जुनी वाळू कुठे टाकायची, यावर मालक आणि आण्णा यांचे अजून एकमत झालेले नाही.